ग्रहणातली सुई

आमचे हे कल्याणात शाळामास्तर. शेणाळे तळ्याचं पाणी बरणीत भरून आणायचे आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यातले जीव न्याहाळत बसायचे. कुणाला पाय किती, कुणाची जात कुठली, हे ठरवायचा भारी नाद! पण हात कापरा. सुईने जीव उघडायची वेळ आली की हाक यायची, "अगं, जरा ये गं." मग मी चुलीवरचं उतरवून, हात पुसून बसायची. कापायची मी, चित्र काढायची मी, खाली सही ह्यांची. त्याचं मला काही वाटत नसे, खोटं कशाला बोलू? उलट मजाच यायची.

पौषात ह्यांना खसखशीएवढे शिंपले सापडले. दिसायला शिंपले, पण आत पाय! म्हणजे कोळंबीचेच भाऊबंद. तसले पाय ह्यांच्या पुस्तकातल्या एकाही जातीला नव्हते. असल्या जाती तपासणाऱ्या मुंबईच्या साहेबाने कळवलं, पायांचं नीट चित्र पाठवा, मगच नवी जात मानू. इकडे बरणीतले एकेक करून मरत चाललेले. उरला एक, आणि त्याचंही भरत आलं ते नेमकं अवसेला, भरदुपारी, सूर्याला ग्रहण लागलेलं असताना.

मला पाचवा महिना. गर्भारशीने ग्रहणात चिरू-कापू नये, पोराला व्यंग येतं, म्हणून सासूबाईंनी मला आतल्या खोलीत बसवलं आणि त्या देवापाशी जपाला बसल्या. हे हळूच आत आले.

"चल लवकर. मेला की आतलं सगळं विरघळतं."

"अहो, ग्रहण आहे."

"चंद्राची सावली आहे ती! वर्गातल्या पोरांना कळतं, तुला कळत नाही? काही झालं तर मी आहे ना."

मी आहे ना! त्या शब्दांवर मी उठले. पडवीत दिवा लावून शिंपला उघडला, पाय सुटे केले, चित्र काढलं. ग्रहण सुटलं म्हणून सासूबाई अंघोळीला बोलवायला आल्या, तेव्हा सुई माझ्या बोटांत होती. "अगं अवदसे!" एवढंच म्हणाल्या.

ज्येष्ठात मुलगा झाला. वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. अंगावर ओढता येईना, बोंडल्याने पाजावं तर दूध नाकातून बाहेर.

बारशाला आळीतल्या बायका जमल्या. सासूबाईंनी सगळ्यांदेखत ह्यांना पाळण्याशी बोलावलं.

"प्रभाकर, पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांग. हिला कापायला तू बसवलंस?"

मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. 'मी सांगितलं, आणि ग्रहणाने ओठ फाटत नाही.' इतकंच ह्यांनी म्हणायचं होतं हो! शाळेत रोज घसा फोडून तेच तर शिकवत होते.

ह्यांनी उपरण्याने कपाळ पुसलं. पोराच्या डोक्यावर हात ठेवला.

"मी कशाला सांगेन? तिनेच केलं, आपणहून."

बायकांनी तोंडाला पदर लावले. ओवाळायला पुढे झालेली एकजण तबक घेऊन मागे सरली. त्या दिवसापासून आळीत मी पोराचा ओठ कापणारी बाई. लाज वाटली नाही मला, संताप आला. अजून येतो.

भाद्रपदात साहेबाचं उत्तर आलं. चित्र उत्तम, पण एकावर भागत नाही, दुसरा जीव उघडून ताडून पाहा. हे बरणी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"अगं, जरा ये गं. एकच मिळालाय, तोही मरायला टेकलाय. माझ्या हाताने नाही व्हायचं."

मी पोराच्या तोंडात थेंब थेंब दूध सोडत होते. मान वर केली नाही.

"तुम्ही सांगताय?"

"हो, मीच सांगतोय."

"मग नाही जमायचं. मी सगळं आपणहून करते ना?"

हे बरणी घेऊन वळले. मग पडवीत जाऊन स्वतःच सुई घेऊन बसले. थोड्या वेळाने भिंगाखालची काच फुटल्याचा आवाज आला. मी पोराच्या नाकाखालचं दूध पुसलं आणि पुढचा थेंब सोडला.