न दुखणारा अंगठा

"मावशी, पायाला कुठे दुखतं का तुझ्या?" भाचीने विचारलं.

"माझ्या पायाला दुखायला सवड कुठे असते," मोठी मावशी म्हणाली.

भाची दवाखान्यात एमआरआय काढायची. तिथल्या डॉक्टरीणबाईंना दुखणं नसलेल्या माणसांचे अंगठे हवे होते. न दुखणारा सांधा आतून कसा दिसतो ते त्यांना पाहायचं होतं. भाचीला मोठ्या मावशीशिवाय दुसरं कोण आठवणार? अख्ख्या घरात कुरकुर न करणारं माणूस एकच.

मोठी आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे भाचीची आई, एकाच लाँड्रीत इस्त्रीच्या यंत्रांवर उभ्या असत. पायाने पट्टी दाबली की वरचा तवा खाली येई आणि वाफ सुटे. दिवसभर सगळा भार उजव्या अंगठ्यावर. हल्ली धाकटी घड्या घालायच्या टेबलाशी बसायची जागा मागत होती.

"राणीसाहेबांचा अंगठा," मोठी सगळ्यांदेखत म्हणायची, "त्याला उशी द्या गं कुणीतरी."

बायका हसायच्या. धाकटीही हसायची, तोंड फिरवून.

मोठीला दुखत नव्हतं असं नाही. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना डोळ्यांपुढे काजवे चमकत. पण आईने लहानपणी दोघींना गाऊन शिकवलं होतं,

दुखणं गं बाई, उंबऱ्याआत ठेवावं
हसरं पाऊल गं, अंगणात न्यावं

धाकटी ते विसरली. मोठीने पदरी बांधून ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी अंगठा वर वाकवला. "दुखतं?"

"छे हो."

मानेवरून घाम उतरला, चेहऱ्यावरचं हसू नाही उतरलं. मग पाऊल साच्यात बसवलं आणि यंत्र ठकठकू लागलं. खोलीत पाहायला कुणी नव्हतं, तरी ती हसतच पडून राहिली.

बाहेर येऊन ती बूट चढवत होती, तेवढ्यात भाचीने पडद्यावरचं चित्र दाखवलं.

"हे बघ, सांध्यातली कूर्चा झिजलीये. इथे हाडात सूज, इथे पाणी. आणि तुला पत्ताच नाही. बाई म्हणाल्या, चित्र असं असलं तरी दुखतंच असं नाही, हे आता अभ्यासात लिहिता येईल." ती मावशीकडे वळली. "आईचंही अगदी असंच आलं होतं, मावशी. मी उगाच काळजी करत होते. आज घरी जाऊन सांगते तिला, मावशीचंही तुझ्यासारखंच आहे, ती बघ कशी उभी राहते. टेबलाबिबलाचं विसर."

बुटाची नाडी मोठीच्या हातातच राहिली. धाकटीला असं तीच तर बोलायची. पोरीच्या तोंडून ऐकलं आणि अंगावर पाल पडल्यासारखं झालं. तोंड फिरवून हसणारी धाकटी तिला आठवली. हसत कुठे होती ती? ओठ दाबत होती.

"नको सांगूस तिला."

"का?"

"दुखतं मला."

"कधीपासून?"

"तुझ्या आईच्याही आधीपासून."

भाची रागावली नाही. नुसती बघत राहिली, आणि तेच मोठीला सोसेना.

"ते चित्र खोडून टाक गं."

"मी कशी खोडू? चल, बाईंना तूच सांग."

डॉक्टरीणबाईंपुढे ती शाळकरी पोरीसारखी उभी राहिली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तिला बसवलं आणि अंगठा पुन्हा वाकवला. "आता खरं सांगा."

"आई गं," मोठीच्या तोंडून निघालं. लाजेने तिने तोंडावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हायच्या आधी तिने सगळ्या बायकांसमोर मालकाला सांगितलं, "टेबलाची जागा धाकटीला द्या. तिचं दुखणं खरं आहे. माझंच हसणं खोटं होतं."

मग खाली बसून बूट काढला. मान वर होईना.

धाकटीने तो सुजलेला, लाल अंगठा पाहिला. एक टोमणा मारला असता तर मोठीला हायसं वाटलं असतं. पण तिने टेबलापाशी दुसरं स्टूल ओढलं, त्यावर घडी केलेला टॉवेल ठेवला, आणि मोठीचा पाय उचलून त्यावर टेकवला.