खापरावरचा गडी

एक्क्याण्णव सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आठवडा राहिला आणि भडगावला बसमधून उतरताना मी उजवा हात मोडून घेतला. लेकीच्या लग्नानंतरची पहिली आखाजी. लेक, जावई, विहीणबाई जेवायला येणार आणि ताटात मांडे नाहीत? माझी तर झोपच उडाली. लेक सात महिन्यांची पोटुशी, तिला चुलीवरच्या खापराच्या झळीपाशी कोण बसवणार? शेजारणींना आपापल्या घरचा सण.

"मी करस," आमचे हे म्हणाले.

शेजारची झुंबरबाई पोट धरून हसली. "माणूसना हातले काय समजस? नांगर धरना हात तो!"

मला रागच आला. माझ्या नवऱ्याला हसायचं तर मी हसेन, ही कोण?

बोटांचं मात्र तिचं खरं होतं. घट्टे पडलेली बोटं. पुरण भरलेला गोळा कुठे जाड, कुठे पातळ, त्यांना कळेना. टक लावून बघत बसायचे, तोवर मांडा फाटून खाली. पण मांडा नुसत्या बोटांवर वाढत नाही. पंजापासून कोपरापर्यंत दोन्ही हातांवर झुलवत वाढवायचा असतो. तिथे यांच्या केसांना पीठ चिकटायचं. मग काय करावं या माणसानं? न्हाव्याकडे जाऊन दोन्ही हात भादरून आले!

"आते डोया झाकी ल्या," मी म्हटलं. "कोठे जड लागस?"

"डावा कोपराजोडे."

"मंग तथा झुलवा."

डोळे मिटून, ओठ दाबून ते झुलवत राहिले. मांडा पसरत गेला, पुरण पार कडेपर्यंत पोचलं. न फाटता तो खापरावर पडला आणि मी आनंदानं ओरडलेच. झुंबरबाई कुंपणावरून बघत होती. बघू दे!

सणाला विहीणबाईंनी मांड्याची कड चाचपली. "तुमना हात तं मोडेल शे. मांडा कोनी बनाडात मंग?"

हे दारातून मला 'नको, नको' खुणावत होते. गप्प बसेन ती मी कसली?

"यासनी!"

जावई खाली बघू लागला. विहीणबाईंनी ताट पुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "जेनी बनाडात, तेनीच वाढो."

उभ्या जन्मात कुणाला पाणीसुद्धा न वाढलेला माझा नवरा मांडे घेऊन बाहेर आला. मी उठायला गेले, तर विहीणबाईंनी डाव्या हाताला धरून मला शेजारी बसवलं. सगळ्यांना वाढून ते माझ्यापुढे वाकले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पाहुण्यांच्या पंगतीत बसून गरम मांडा मी त्या दिवशी पहिल्यांदा खाल्ला.