टेकडीवर चढलेला भोंगा

घाबरू नका मित्रांनो, मी आता ओरडत नाही. वारज्याच्या सोनबा मंडपवाल्यांच्या शेडमध्ये खुर्च्यांच्या थप्पीवर एक मोठा ॲल्युमिनियमचा भोंगा पालथा पडलेला दिसेल तुम्हाला. तोच मी.

माझा जन्म भवानी पेठेतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. पत्रा कापून, साच्यावर ठोकून ठोकून कारागिरांनी मला आकार दिला. सोनबांनी मला घरी आणलं, नारळ फोडला आणि माझ्यातून पहिले शब्द बोलले, "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग." मला इतका आनंद झाला की मी कुंईकन शिटीच मारली. सगळे कानांवर हात ठेवून हसले.

मग मी लग्नांत वाजलो, बारशांत वाजलो. हरवलेली म्हैस शोधायलाही गावभर फिरलो. आणि निवडणूक आली की सोनबा मला रिक्षाच्या टपावर बांधायचे. तेव्हा वारजे हे गाव होतं. वरची आळी आणि खालची आळी. वरच्या आळीची घरं जास्त, म्हणून दरवेळी निवडून यायचे वरच्या आळीचे सर्जेराव. निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक असे. तरीही मी गल्लोगल्ली ओरडत फिरायचो, कारण माझ्याशिवाय निवडणूक म्हणजे वाजंत्रीशिवाय लग्न वाटलं असतं.

त्र्याण्णव सालच्या गणपती विसर्जनात वाजून वाजून माझा घसा बसला होता. सगळे दमून झोपले आणि त्याच पहाटे तिकडे लातूरकडे मोठा भूकंप झाला. बातमी कळताच सोनबांनी मला पुन्हा रिक्षावर चढवलं. "कपडे द्या, धान्य द्या, भांडी द्या!" माझा फाटका आवाज ऐकूनही लोक धावत आले. सर्जेरावांनी तर आपला ट्रकच दिला. त्या ट्रकवर बसून मीही तिकडे गेलो.

तिथे जे पाहिलं ते तुम्हाला सगळं सांगत नाही. दगडमातीच्या जाड भिंती होत्या, त्या झोपलेल्या माणसांवर कोसळल्या होत्या. धान्य वाटताना गोदाबाई नावाची एक बाई पुढे आली. नवरा गेला होता, घर गेलं होतं. मुलगा, सून आणि तान्ही नात एवढे वाचले होते.

"पुण्याकडं काही काम हाय का वो, दादा?" तिने विचारलं.

"आमच्या वारज्याला बिल्डिंगी उठतायत," सोनबा म्हणाले. "या की. मी हाय तिथं."

सोनबांना वाटलं, बोलण्यातलं बोलणं. पण गोदाबाई खरंच आली. तिच्या मागून तिचा भाऊ आला, भावाची मेहुणी आली, हळूहळू त्यांच्या भागातली कितीतरी घरं आली. पुण्यात तेव्हा नव्या कंपन्या येत होत्या, कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांसाठी इमारती वर चढत होत्या. त्यांच्या विटा या लोकांनी वाहिल्या. राहायला मात्र त्यांनी टेकडीच्या उतारावर पत्र्याची घरं बांधली. दगडाच्या भिंतीखाली झोपायला कोणी तयार नव्हतं.

पुढे वारजे महापालिकेत आलं. आळ्यांपलीकडे सोसायट्या उभ्या राहिल्या, पण टेकडीवर काही पाणी चढलं नाही. बायका खालच्या नळावरून हंडे वाहत. मग निवडणूक लागली. आमच्या भागातली जागा बायकांसाठी राखीव होती. सर्जेरावांनी आपल्या सुनेला उभं केलं आणि नेहमीप्रमाणे सोनबांना बोलावलं.

"टेकडीवर जायचं काही कारण नाही," ते म्हणाले. "ती पाहुणी माणसं. आज आहेत, उद्या गावाकडं जातील."

सोनबा मान डोलावून परत आले. पण त्या निवडणुकीत आणखी एक बाई उभ्या होत्या, आम्रपालीबाई. त्यांचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते आणि बाई टेकडीवर बालवाडी चालवत. टेकडीवरच्या प्रत्येकाला सोबत नेऊन त्यांनी मतदार म्हणून नोंदवलं होतं. गावात लोक हसत, "बाईंचे मतदार अजून पाटीवर ग म भ न गिरवतायत!"

एका दुपारी गोदाबाई आमच्या शेडमध्ये आली.

"दादा, तुमचा भोंगा वर येऊ द्या. बाईंची सभा हाय."

सोनबा खाली बघत म्हणाले, "गोदाताई, वरच्या आळीची सगळी लग्नं माझ्याकडं असतात. सर्जेराव तोडतील मला. आधीच म्हणतात, ही माणसं तूच आणलीस."

"मग तुम्हीच आणलं न्हवं? तुम्हीच म्हनलाव, मी हाय तिथं."

मला वाटलं, सोनबा आता नाहीच म्हणणार. पण त्यांनी खिशातलं फडकं काढलं आणि माझ्यावरची धूळ पुसायला लागले.

टेकडीच्या पायथ्याशी रस्ता संपला. रिक्षा पुढे जाईना. तेव्हा गोदाबाईने चुंबळ केली आणि मला सरळ डोक्यावर घेतलं. एकीने बॅटरी घेतली, एकीने वायरी. आयुष्यभर मी टपावर बसून फिरलो होतो, पण इतक्या मानाने मला कोणी कधी मिरवलं नव्हतं.

आम्रपालीबाई थोडंच बोलल्या. मग त्यांनी माइक गोदाबाईच्या हातात दिला. ती आधी लाजली. मग म्हणाली, "आमाला पाहुणे म्हनतेत. बरं, पाहुणे तर पाहुणे. पर पाहुण्याला दारात आल्यावर पाणी तरी विचारतेत का न्हाई? आमाला इतक्या वर्सांत कुनी विचारलं का? पाणीच मागूलालाव आम्ही, दुसरं काय मागूलालाव?"

मी तिचा आवाज जेवढा लांब फेकता येईल तेवढा फेकला. खालच्या आळीत धुणं धुणाऱ्या बायकांनी तो ऐकला आणि खळखळून हसल्या. टँकरची वाट बघत बसलेल्या सोसायट्यांमधल्या लोकांनीही गॅलरीत येऊन ऐकला. दुसऱ्या दिवशी किराण्याच्या दुकानात, बसथांब्यावर जो तो म्हणत होता, "अहो, पाण्याचं विचारलं का?"

मतदानाच्या दिवशी टेकडीवरची माणसं नवे कपडे घालून खाली उतरली. ठेवणीतली लुगडी, इस्त्रीचे शर्ट, जणू जत्राच. खालची आळी एरवी रुसून घरी बसायची, तीही आली. सोसायटीवाले तर पहिल्यांदाच रांगेत दिसले. आणि आम्रपालीबाई निवडून आल्या!

वरच्या आळीत शांतता होती. सर्जेराव संध्याकाळी शेडवर आले आणि सोनबांना म्हणाले, "आपल्याच ट्रकनं आपल्याला पाडलं रे." मग त्यांचं त्यांनाच हसू आलं. लग्नं काही त्यांनी तोडली नाहीत. शेवटी माझ्याएवढा मोठा आवाज पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे होता?

पाइप टेकडीवर जायला बराच वेळ लागला. आम्रपालीबाईंच्या चपला महापालिकेच्या पायऱ्यांवर झिजल्या. पण पहिल्यांदा नळ सुटला तेव्हा मी तिथे होतो. पोरं पाण्याखाली नाचत होती, म्हातारी माणसंही भिजत होती, आणि मी गाणी वाजवून वाजवून गरम झालो होतो. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत सगळे उमेदवार आधी टेकडी चढले, मग आळ्यांत गेले.

मग डीजेच्या भिंती आल्या, मोबाइल आले आणि माझं काम सरलं. रुसलो होतो थोडा, खोटं कशाला बोलू? पण परवा गोदाबाईची नात संस्कृती आली. तीच ती तान्ही. भूकंपाला अठरा वर्षं झाली, आता ती कॉलेजात जाते, पहिल्यांदाच मत देणार आहे. तिने सोनबांना विचारलं, "काका, हा चालतो का? पलीकडे नवीन साइटवर बिहारच्या फॅमिलीज आल्यायत. नदीच्या पुरात सगळं गेलं त्यांचं. इथेच राहणारेत. त्यांना मतदार यादीत नाव नोंदवायला सांगायचंय."

सोनबांनी वायर जोडली. मी खरखरलो, खोकलो आणि लागलो बोलायला. तिचं हिंदी ऐकून तिथल्या बायका हसल्या, पण जवळ आल्या.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगतो. जुन्या वस्तू भंगारात टाकण्याआधी एकदा वायर जोडून बघा. आणि तुमच्या शेजारी कोणी दूरवरून राहायला आलं, तर कुठून आलात एवढं विचारून परतू नका. थोडं बसा, काय हवंय ते विचारा. त्यांचं बोलणं तुम्हाला वेगळं वाटेल, हसूही येईल. हसा की! पण शेवटपर्यंत ऐका.