डोंगरावरच्या ताडाचा कोंब

झाड वाढत होतं आणि मरतही होतं, दोन्ही एकदमच. आता असं कुठं असतं का? पण लालासाहेब रोज सकाळी कानटोपी चढवून त्याच्यासमोर उभे राहत आणि रोज त्यांना तेच दिसे. मधल्या कोंबाला बांधलेला लाल दोरा कालच्यापेक्षा जरा वर सरकलेला असे, आणि तोच कोंब कालच्यापेक्षा जरा जास्त पिवळा पडलेला असे. दोऱ्याकडे बघून ते हसत, कोंबाकडे बघून कानटोपी खाली ओढत आणि चहाला आत जाताना पायरीला ठेचकाळत. सुभेदार होऊन फौजेतून बाहेर पडलेला माणूस, पण एका झाडानं त्याची पार दांडी गुल केली होती.

झाडही साधंसुधं नव्हतं. ताडाच्या जातीचं, पण थंडीत वाढणारं. लालासाहेब मूळचे पलूसचे, ऊस आणि द्राक्षं बघत मोठे झालेले. ताड-माड म्हणजे खाली कोकणात, समुद्राकाठी, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. हिमालयातल्या पिथोरागडला बदली झाली तेव्हा खीमसिंग बिष्ट नावाच्या फौजेतल्या जोडीदारानं त्यांना घरी जेवायला नेलं. तिथं अंगणात बर्फ पडत होता आणि त्या बर्फात एक ताड खुशाल उभा होता. गडी तिथंच खुळावला. जेवण बाजूला राहिलं, हे आपले झाडाभोवती फेऱ्या मारतायत.

सुट्टीला येताना ट्रंकेत बिया आल्या. पलूसच्या मळ्यात लावल्या, उगवल्याही. पण पलूसचं ऊन काय कुणाची भीड धरतं? रोपं करपली, एकच तग धरून राहिलं. ते लालासाहेबांनी उचललं आणि महाबळेश्वरच्या अलीकडं, डोंगरावरच्या एका वाडीत, आपल्या सासुरवाडीच्या अंगणात नेऊन लावलं. बायको साळूबाई ही त्या घरातली एकुलती लेक. तिचे आईबाप गेल्यावर कौलारू घर आणि स्ट्रॉबेरीचा तुकडा तिच्या नावावर झाला होता. पेन्शनीत निघाल्यावर लालासाहेब तिला म्हणाले, "चल, तिकडंच ऱ्हाऊ." झाडासाठी म्हणाले, असं पलूसात अजून सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही.

वाडीला त्या झाडाचं काय करावं तेच कळेना.

"सुभेदार, नारळ कवा धरायचं ह्येला?" लोक विचारत.

"नारळ न्हवं रं त्ये."

"मग ताडगोळं?"

"ते बी न्हाई."

"मग करतंय तरी काय?"

"थंडीत ऱ्हातंय."

"ते तर आमी बी ऱ्हातो की," लोक म्हणत.

एकदा आष्ट्याहून व्याही आले. नारळाच्या बुडाला मीठ घालतात म्हणून त्यांनी मोठ्या मायेनं मूठभर खडेमीठ झाडाच्या बुंध्यात ओतलं. लालासाहेबांनी ती माती दोन्ही हातांनी उपसून टाकली आणि व्याह्यांशी जेवणाच्या ताटापर्यंत बोलले नाहीत. इतका जीव त्या झाडावर. झाड डोक्याइतकं झालं होतं, बुंध्याला काथ्या, वर हातपंख्यासारखी पानं. ते शेकोटीजवळ बसून त्याच्याकडे बघत, आणि साळूबाई अंगाभोवती शाल आवळून म्हणे, "आवं, लय थंडी वाजती हो मला." हे ती दर हिवाळ्याला म्हणे.

यंदा मात्र थंडीनं कहरच केला. वेण्णा तलावाच्या बाजूला दव गोठलं. पुण्या-मुंबईची माणसं गाडीच्या टपावरचा बर्फ खरवडून फोटो काढत होती आणि स्ट्रॉबेरीवाले डोक्याला हात लावून बसले होते. लालासाहेबांनी आपलं फौजेतलं कांबळं काढलं, त्यात झाडाचं डोकं गुंडाळलं, वरून सुतळी आवळली. कांबळं दवानं भिजलं तरी थंडी उतरेपर्यंत सोडलंच नाही. सोडलं तेव्हा पानं तपकिरी झालेली, आणि मधला कोंब फक्त हिरवा.

त्यांनी खीमसिंगला फोन लावला. खीमसिंग तिकडून ओरडला, "कंबल क्यों डाला, यार? बर्फ से ये नहीं मरता. गीला रहने से मरता है."

म्हणजे जे पहाडातल्या बर्फाला भ्यालं नाही, ते आपल्या कांबळ्यानं मरायला टेकलं? लालासाहेबांना हे काही पटेना, आणि पटलं तेव्हा जेवण जाईना.

नेमकं त्याच आठवड्यात पोरानं विषय काढला. शंभूराज पलूसला ऊस आणि द्राक्षबाग बघतो. पोरगा गुणाचा, त्याची बायको अंकिताही तशीच, तिथं बोट ठेवायला जागा नाही. फोनवर म्हणाला, "आबा, बास झालं आता. आईचं गुडघं धरल्यात, थंडी सोसत न्हाई तिला. दोघं बी खाली या. खोली बांधून तयार हाय."

लालासाहेब गडबडले. नाही म्हणायला तोंड नव्हतं, कारण साळूबाईची थंडी त्यांनीही ऐकलेली होती. हो म्हणायला जीभ उचलेना. मग फौजेतला माणूस करतो तसं त्यांनी केलं, सगळा निकाल एका गोष्टीवर सोपवला. "पाडव्यापत्तोर थांब. ह्या झाडाचा कोंब वर आला तर आमी हितंच ऱ्हानार. न्हाई आला तर गाडी घिऊन ये, सामान भरू."

शंभूराजनं तेही मानलं. "आबा, कोंबात मोरचूद-चुन्याचं पाणी सोडा," असं द्राक्षवाल्याच्या हिशेबानं सांगितलंसुद्धा. साळूबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिला कुणी काही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात, तिला तर खाली जायचंच होतं, असं लालासाहेब धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोंबाला, तो काथ्यातून बाहेर येतो तिथं बरोबर, लाल दोरा बांधला. काही दिवस दोरा जागचा हलला नाही. लालासाहेब आतून खचले. देवापुढं दिवा लावताना त्यांचं लक्ष खिडकीकडं. साळूबाई हे सगळं बघायची.

आणि मग एका सकाळी दोरा वर सरकला.

"आगं ये, बघ हिकडं," लालासाहेबांनी हाक मारली. "हालला. जित्ता हाय गं."

साळूबाईनं दोरा पाहिला, "व्हय की," म्हणाली आणि पदरानं नाक पुसत आत गेली. लालासाहेबांना वाटलं, हिला वाईट वाटलं. खाली जायचं राहिलं म्हणून वाईट वाटलं. त्यांचा आनंद तिथंच अर्धा झाला.

तेव्हापासून दोरा रोज सरकू लागला. पण पिवळेपणाचं काय? वाढणारी गोष्ट पिवळी कशी पडेल? त्यांनी मोरचूद-चुन्याचं पाणी सोडून पाहिलं, सावली करून पाहिली, सावली काढून पाहिली. पुन्हा खीमसिंगला विचारलं.

"रोज बढ़ता है?" खीमसिंगला हसू आवरेना. "सूबेदार साब, ठंड में ये महीने भर में भी नहीं हिलता. तुम्हारे यहाँ बाँस लगा है क्या?"

लालासाहेब फोन खाली ठेवून बराच वेळ पायरीवर बसले. आपले डोळे गेले, की दोरा निसटतोय, की झाडालाच वेड लागलंय? त्यांनी दोरा सोडून पक्की निरगाठ मारली. तरी दुसऱ्या दिवशी तो वर. आता मात्र त्यांच्या डोक्याचा भुगा झाला. माणसानं एकतर रडावं नाहीतर हसावं, इथं दोन्ही करायची सोय नव्हती.

पाडव्याच्या सकाळी त्यांना लवकर जाग आली. अंथरुणात साळूबाई नव्हती. बाहेर फटफटत होतं. ते दारात आले आणि तिथंच उभे राहिले. अंगणात बादली पालथी घातलेली, तिच्यावर साळूबाई उभी, दुखरा गुडघा झाडाच्या बुंध्याला टेकवलेला, आणि दोन्ही हातांत कोंब धरून ती तो हळूहळू वर ओढत होती.

लालासाहेबांच्या अंगाची लाही झाली. इतके दिवस जे कळत नव्हतं ते एका क्षणात कळल्यासारखं वाटलं. "तूच मारतीयास व्हय त्येला?" ते ओरडले. "खाली जायचं हुतं तर तोंडानं सांगायचं. मुक्या झाडाचा जीव कशाला घेतीस?"

साळूबाई दचकून बादलीवरून उतरली. "मारती?" ती म्हणाली. "जगवती मी. तुमीच म्हनला न्हवं, कोंब वर आला तर ऱ्हायाचं?"

"ऱ्हायाचं? तुला?"

"मग कुनाला?"

लालासाहेबांचं तोंड उघडं ते उघडंच. "आगं, पर तुला थंडी सोसत न्हाई. दर साली म्हनतीस."

"थंडी वाजती म्हनलं. जाऊया म्हनलं का कवा?"

ते आठवू लागले. सगळे हिवाळे आठवून पाहिले. शाल आठवली, शेकोटी आठवली, थंडी वाजती हो हे आठवलं. जाऊया हे कुठंच सापडेना.

साळूबाई बादलीवर टेकली आणि बोलू लागली, आणि एकदा बोलू लागल्यावर थांबायची नाही असं दिसलं. "तुमी फौजंत हुता तवा मी पलूसात ऱ्हायली. सासू-सासऱ्यांचं केलं, पोराचं केलं. त्येचं मला काय न्हाई. पर तितं मी सदा कुनाची तरी हुते. लालासाहेबाची बायको, शंभूची आई. आता गेले तर अंकिताची सासू. पोरगी चांगली हाय, वाटीत दूध देईल, हातात काम देनार न्हाई. आन् हितं अजून बाया बांदावरनं साळे म्हनून हाक मारत्यात मला. तेवढं आयकायला मी थंडी काढते. तुमाला वाटलं झाडापायी आलो आपन. मी आपल्या घरी आले हुते."

लालासाहेब झाडाशी गेले, कोंबाला दोन बोटं लावली. तो सैल होता, जुन्या दातासारखा. जित्या झाडाचा कोंब असा हलत नाही, हे त्यांना ओढून न बघताही समजलं. त्यांनी हात मागं घेतला. झाडाचं दुःख झालं, खूप झालं, पण त्याहून मोठी शरम वाटली. इतकी वर्षं एका ताटात जेवून ह्या बाईला एक प्रश्न विचारला नव्हता.

ऊन चढायच्या आत शंभूराज, सामान भरावं लागलंच तर म्हणून पिकअप घेऊन, पसरणीचा घाट चढून आला. गुढीच्या पाया पडला, आईच्या पडला, आणि तडक झाडाकडे गेला. दोरा वर गेलेला बघून त्याचा चेहरा पडला. पण द्राक्षवाला तो, हात गप्प बसतोय होय. त्यानं कोंब चिमटीत धरून नुसता जोखला, तर अख्खा कोंब हातात आला. बुडाशी काळा, कुजका, वास मारणारा.

"आबा, ह्ये तर कुजलंय," तो म्हणाला.

"व्हय," लालासाहेब म्हणाले. "मेलं झाड."

बापाचं दुःख शंभूराजला कळत होतं. तो हळूच म्हणाला, "मग भरू सामान?"

"न्हाई. आमी न्हाई येत."

"आबा, असं काय करताय? ठरलं हुतं न्हवं आपलं?"

"तुझं-माझं ठरलं हुतं," लालासाहेब म्हणाले. "घर हिचं, ऊठबस हिची, आन् ठरवलं कुनी? तू, मी आन् ह्या झाडानं. हिला इचारलंस तू? मी तर जल्मात न्हाई इचारलं. आता इचार."

शंभूराज कोंब हातात धरून गोंधळून उभा राहिला. त्यानं बापाकडं पाहिलं, मग आईकडं. "आई, तुला पलूसला यायचंय न्हवं?"

दोघं एकदम आपल्याकडे बघतायत म्हणताना साळूबाईच अवघडली. तिनं पदर सारखा केला, गुढीकडं पाहिलं, बांधापलीकडं पाहिलं. लालासाहेब मनातल्या मनात म्हणत होते, बोल गं, बोल.

"मला हितंच ऱ्हायचंय," साळूबाई म्हणाली. "थंडी वाजंल. वाजू दे."