सुंदरम्मा विहिरीत उतरते

सुंदरम्माला पाण्याची भीती होती आणि ती चर्चच्या सगळ्या मंडळीला ठाऊक होती. लहानपणी तिचा थोरला भाऊ मल्लेश तिच्या डोळ्यांदेखत विहिरीत पडला आणि परत वर आला नाही. तेव्हापासून अंघोळ करतानासुद्धा ती डोक्यावरून तांब्या ओतत नसे.

त्यांच्या मंडळीत बाप्तिस्मा म्हणजे पाण्यात पूर्ण बुडायचं, तेही पाठीवर. त्याशिवाय प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटली जाणारी भाकर, मिळत नाही. त्यामुळे ख्रिस्ती आईबापांच्या पोटी जन्मून, एकही उपासना न चुकवता, टॉवेलच्या कडा शिवताना दिवसभर गीतं गुणगुणूनसुद्धा, भाकरीचं ताट आलं की सुंदरम्मा ते शेजारणीकडे सरकवायची. वर्षानुवर्षं सरकवलं. कुणाला त्याचं काही वाटेनासं झालं. पण मंडळीत नवीनच आलेली धनलक्ष्मी एकदा बाहेर चपला घालता घालता म्हणाली, "आज्जी, भाकर का घेत न्हाई तुमी? काय पाप घडलंय का हातनं?"

हे सुंदरम्माच्या फार जिव्हारी लागलं. घरी येऊन ती मशीनवर बसली, पण काम काही होईना. आधी धनलक्ष्मीचा राग आला. मग वाटलं, पोरगी चुकली तरी कुठं? तोंडानं देवावर भरवसा म्हणायचं आणि कंबरभर पाण्याला भ्यायचं, याला पाप नाही तर काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी ती चर्चच्या पाळकांकडे, अनिलकुमारांकडे गेली. ते तिच्या मुलापेक्षाही लहान, पण ती त्यांना तेलुगूत मानानं अय्यगारू म्हणे.

"अय्यगारू, मला बुडवा एकदाचं."

पाळक हरखले. "चर्चचा हौद कंबरेएवढाच आहे, सुंदरम्मा. तळाची फरशी दिसते. आणि प्रभूचा हात आहे ना? घाबरायचं काय त्यात!"

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाळकांनी बाप्तिस्म्याचा दिवस पाण्याच्या पाळीवर बेतला होता आणि नेमकी त्याच पाळीला मोठी पाइपलाइन फुटली. हौद ठणठणीत कोरडा. तेव्हा मंडळीतले शेतकरी तात्याबा उत्साहानं म्हणाले, "माझ्या मळ्यात पायऱ्यांची विहीर हाय की! चला समदी." पाळक हो म्हणाले. सुंदरम्माला कुणी विचारलंच नाही. घरी निघून जावं तर धनलक्ष्मी समोर उभी. केवळ तेवढ्यासाठी ती टेम्पोत चढली. श्रद्धेचा त्यात काडीचा संबंध नव्हता.

विहिरीचं पाणी हिरवं होतं, तळ दिसायचं नाव नाही. काठावर मंडळीनं गीत धरलं. पाळक पुढं, सुंदरम्मा मागं. पाण्याच्या जरा वर येऊन पाळक थांबले. गीत संपलं, लोकांनी ते पुन्हा धरलं, तरी पाळक हलेनात. सुंदरम्मानं पाहिलं, त्यांची बोटं कडेच्या दगडाला गच्च चिकटली होती. ती पकड तिच्या ओळखीची होती.

"पवता येत न्हाई व्हय, अय्यगारू?"

"नाही," ते पुटपुटले. "आजवर सगळे बाप्तिस्मे हौदातच दिले. वर कुणाला सांगू नका."

तिला आधी संताप आला. घाबरायचं काय त्यात म्हणणारा हाच की! पण त्यांचा पांढराफटक चेहरा बघून तो ओसरला. एवढा भिऊनसुद्धा माणूस इथवर उतरला होता, तिच्यासाठी. म्हणजे भीती पाप नव्हती. भीती पाळकालाही असते.

तिनं डोळे मिटले. "प्रभू, मल्लेशला तू वर काढलं न्हाईस. का, ते लई वर्सं इचारलं. आज इचारत न्हाई. आज नुस्तं माझ्यासंगं खाली चल."

डोळे उघडले तेव्हा भीती होती तिथंच होती. फक्त सुंदरम्मा आता एकटी नव्हती. तिनं पाळकांचं मनगट धरलं.

"प्रभूचा हात हाय म्हणला न्हवं? मग चला की."

दोघं उतरले. पलीकडून तात्याबांनी धोतर खोचून उडी मारली आणि जवळ येऊन पोहत राहिले. रुंद पायरीवर पाणी कंबरेला लागलं. पाळकांनी बाप्तिस्म्याआधीचे श्रद्धेचे प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली आणि ती मागं कलली.

पाणी चेहऱ्यावर मिटलं. गीत ऐकू येईनासं झालं. पाठीखालचा पाळकांचा हात सुटला नाही. पुढच्या क्षणी ती वर होती, खोकत, नाकातोंडातून पाणी गाळत.

"झालं? येवढंच?" तिनं विचारलं, आणि मल्लेश गेल्यापासून साठलेलं रडू तिथंच विहिरीत रडून घेतलं.

पुढच्या प्रभुभोजनाला ताट तिच्यापर्यंत आलं. तिनं नेहमीसारखं ते शेजारी सरकवलं. शेजारी धनलक्ष्मी होती. तिनं ताट परत सुंदरम्मापुढं धरलं.

"आज्जी, तुमची ऱ्हायली की."

सुंदरम्मानं भाकरीकडं पाहिलं. विहिरीत पाळकांचं मनगट धरलं होतं तो हात तिनं पुढं केला. त्याच हातानं तिनं तुकडा उचलला आणि खाल्ला.