भुकेला शिक्षा

शिवाजी पेठेतल्या त्या घरात रोज सकाळी चहाच्या आधी वजनकाटा निघायचा. विद्याश्री त्यावर उभी राही आणि तिचे वडील प्रभुलिंग आकडा मोठ्याने वाचीत. लग्न जमेना म्हणून त्यांनी पोरीला सहा महिने अर्ध्या भाकरीवर ठेवलं होतं. चौदा किलो उतरले, नातेवाइकांत कौतुक झालं. मग काटा अडला आणि भूक मात्र पिसाळली! कचेरीत फायली चाळताना, देवापुढं हात जोडतानासुद्धा तिला अन्नच दिसे. खोट आपल्यातच आहे असं वाटून ती स्वतःचाच राग राग करी. घरात बापाची नजर, बाहेर टोमणे. जायचं तरी कुठं?

एका रविवारी दुपारी ती शेंगदाण्याचं कूट मुठीनं तोंडात कोंबत असताना वडिलांनी तिला पकडलं.

"लाज हाय का न्हाय? हावरट कुठली!"

शेजारच्या अक्काताई वाटी परत द्यायला आल्या होत्या. जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई.

"प्रभुलिंगअण्णा, ती हावरट न्हाय," त्या म्हणाल्या. "अंगातली चरबी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडती. साठा किती हाय, ते मेंदूला त्यावरनं कळतं. तुम्ही चरबी झपाट्यानं उतरवलासा, लेप्टिन घटलं. मेंदूला वाटलं, दुष्काळ पडला! म्हणून तो भूक वाढवतोय."

"मग जाड माणसाला भूक कमी पाहिजे की!"

"त्यांच्यात लेप्टिन भरपूर असतं. पण पुष्कळांचा मेंदू ते नीट ऐकतच न्हाय. ह्यात पोरीचा काय गुन्हा?"

विद्याश्रीला कंठ फुटला. "अप्पा, रोज आकडा वाचलासा. भूक लागलीया का, एकदा तरी इचारलासा?"

प्रभुलिंगांनी तिच्या मुठीतल्या कुटाकडं पाहिलं. अरे देवा! ज्या पोरीला अंगाखांद्यावर खेळवलं, तिलाच आपण उपाशी मारत होतो!

"चुकलो गं बाई," एवढंच ते बोलले आणि स्वतः ताट वाढू लागले. विद्याश्री रडत रडतच जेवली.

आता डॉक्टरांच्या सल्ल्यानं ती दोन्ही वेळ नीट जेवते, रंकाळ्यावर फिरायला जाते. वजन फारसं उतरलेलं नाही. परवा मुलगी बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी "मुलगी अंगानं जरा जाड हाय" म्हणताच प्रभुलिंग ताडकन म्हणाले, "व्हय पावणं, हाय. आणि पोटभर जेवती बी!"

बंधुभगिनींनो, भूक हा स्वभावाचा दोष नव्हे. शरीराला मदत लागते, उपचार लागतात; अपमानानं कुणाचीच प्रकृती सुधारत नाही. आपल्या घरातलं कुणी मान खाली घालून जेवत असेल, तर आधी आपली जीभ आवरू या!