टेकाडावरची चौथी नाल

माझ्या हातून चोरी झाली ती एका शनिवारी सकाळी, व्हर्जिनियातल्या मक्याच्या शेतात. करताना मात्र मला ती चोरी वाटलीच नाही.

माझी भाची ज्ञानदा तिकडच्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करते. जमिनीखाली काय दडलंय ते शोधायचं, हा तिचा उद्योग. पोरीने तीन वर्षं एकाच शेतावर घालवली. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३च्या उन्हाळ्यात, दोन्हीकडचं घोडदळ तिथल्या ओढ्यावर भिडलं, एवढं कागदपत्रांत आहे. ज्ञानदाचं म्हणणं, लढाई ओढ्यावर थांबलीच नाही, स्वार लढत लढत वर टेकाडापर्यंत चढले. आणि नेमकं त्याच टेकाडावर एका कंपनीला डेटा सेंटर बांधायचं होतं. सोमवारी संध्याकाळी काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, बोर्ड निकाल देणार होतं. टेकाडावर लढाईची खूण सापडली तर शेत वाचणार, नाहीतर बुलडोझर.

म्हणून तिने मदतीला माणसं गोळा केली. आम्ही नवरा-बायकोही आयसेलिनहून पाच तास ड्राइव्ह करून गेलो. तिने माझ्या हातात मेटल डिटेक्टर दिला आणि मला चौदाव्या ओळीवर उभं केलं.

"मावशी, बीप आला की फक्त झेंडी लाव आणि मला बोलाव. खणू नकोस, प्लीज."

"नाही गं बाई," मी म्हटलं.

तासाभराने बीप आला. ज्ञानदा पार खालच्या टोकाला होती आणि मला कुठला दम निघतोय. थोडंसंच उकरून बघू म्हटलं, तर काय, घोड्याची नाल! खिळ्यांसकट! आता तुम्हीच सांगा, सापडलेली नाल कोणी सोडतं का? विकतच्या नालेला गुण नसतो, सापडलेलीच दारावर ठोकायची असते. त्यात आमचा मुलगा प्रथमेश सात महिने नोकरीविना घरी बसलेला. नाल पर्समध्ये गेली. पण भूमीचं काही फुकट घेऊ नये, म्हणून खड्ड्यात एक सुपारी आणि एक क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, ठेवलं, माती लोटली आणि नमस्कार केला. संध्याकाळी ज्ञानदाने विचारलं तेव्हा, चौदाव्या ओळीत काही नाही, असं तोंड वर करून सांगितलं.

रात्रीच आम्ही घरी परतलो आणि रविवारी सकाळी नाल दारावर चढली, हळदकुंकूही लागलं. दुपारी ज्ञानदाचा फोन आला. रडतच होती.

"मावशी, सगळं संपलं. टेकाडावर एकही फाइंड नाही, एक वस्तू सापडली नाही. झिरो. उद्या मी बोर्डाला काय दाखवू?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि पक्कड आणायला गेले.

मी सगळं कबूल केलं. मग ती फुटली.

"आर यू सिरियस? अगं, जागेवरून उचललेली वस्तू म्हणजे भंगार! ही नाल टेकाडावरच होती हे मी प्रूव्ह कसं करू?"

"जागा सापडेल की. तिथे क्वार्टर पुरलंय. तुझं मशीन ओरडेल."

ती एवढ्या जोरात किंचाळली की मी फोन कानापासून लांब धरला. "मावशी! आत्ताच्या आत्ता गाडी काढा!"

सोमवारी उजाडताच आम्ही चौदाव्या ओळीवर होतो. मशीन ओरडलं. माती बाजूला केली, तर माझं क्वार्टर, माझी सुपारी. ज्ञानदाने फोटो काढले, माप घेतलं आणि ब्रशने खाली साफ करायला लागली. एक हाड दिसलं.

"मावशी, हा घोड्याचा पाय आहे," ती हळूच म्हणाली.

मग कोणाला तहानभूक राहिली नाही. खड्डा खोल होत गेला तशा बाकीच्या नाला मशीनला ऐकू यायला लागल्या. एक, दोन, तीन! तिन्ही अजून पायांतच. तोंडापाशी लगामाची कडी आणि बरगड्यांत चपटी झालेली शिशाची गोळी. ज्ञानदा चिखलात गुडघ्यांवर बसून हसत होती आणि रडत होती. मीही रडले, पण माझं रडणं वेगळं होतं. घोड्याने वाटेत टाकलेली नाल असेल असं मी धरून चालले होते. मी ती मेलेल्या जनावराच्या पायातून काढून नेली होती.

संध्याकाळी हॉल खचाखच भरला होता. ज्ञानदाने फोटो दाखवले. कंपनीचा वकील उठला आणि शांतपणे म्हणाला, "हे नाणं तर आजचं आहे. म्हणजे जमीन कोणीतरी आधीच उकरली होती. मग हाडंही कोणी आणून पुरली नाहीत कशावरून?"

ज्ञानदाने मान खाली घातली. माझं नाव घेतलं असतं तर ती सुटली असती, पण घेईना.

"अगं, बस," हे कुजबुजले. मी उभी राहिले. इंग्रजी माझं कामापुरतं, पण त्या दिवशी पुरलं. म्हटलं, नाणं माझं. भाचीने खणू नको म्हणून बजावलं होतं, तरी मी खणलं. नाल मी चोरली, ही बघा. आणि ती टेबलावर ठेवली.

बोर्डातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गप्प बसला असतात तर कुणाला कळलं नसतं. परत का आणलीत?"

"तो घोडा तिथे तीन नाला घालून पडलाय," मी म्हटलं. "त्याची चौथी माझ्या दारावर ठेवून मी घरात कशी शिरू?"

मतं घेतली. डेटा सेंटरच्या बाजूने तीन, विरोधात तीन. सातवं मत म्हाताऱ्या बाईंचं; त्यांनी टेबलावरच्या नालेकडे पाहिलं. मग त्यांनी हात वर केला.

"विरोधात," त्या म्हणाल्या. "त्याला उठवायचं नाही."

हॉलमध्ये एकच जल्लोष उसळला. ज्ञानदा खुर्च्या ओलांडत धावत आली आणि तिने मला अशी मिठी मारली की माझा श्वासच अडकला.